मासोळी आणि गुठळी

मेलेल्यांच्या डॉक्टरला कोणाशी बोलावं लागत नाही, असं तुम्हाला वाटतं ना? मग ऐका. नवेगाव बांधकडचा एक माणूस बायकोच्या हातची मासोळी खाऊन उठला आणि जागीच कोसळून मेला. तिनंच विष घातलं, असं सासरचे म्हणू लागले. मी पोस्टमॉर्टेम केलं, तर हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी सापडली. पोलिसांना सांगून मी बाहेर आलो. ती भिंतीशी एकटीच बसली होती.

म्हटलं, "बाई, विष नव्हतं. हार्ट अटॅक होता."

"मले कायले सांगून राहिले, डॉक्टरसाहेब? मले मालूमच हाय. तिकडं सांगा, जोरानं."

सासरचे झाडाखाली बसले होते. मी तिथं जाऊन जोरानं सांगितलं. सासू तेवढी उठली आणि सुनेजवळ जाऊन बसली.