कमरेचं माप

सन्माननीय अध्यक्ष डॉ. शेषगिरी, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या परिचारिका आणि सत्कारमूर्ती गिरिजाबाई, त्यांचे यजमान मानाजीराव आणि आपल्या वंध्यत्व उपचार केंद्रातील सहकाऱ्यांनो, नमस्कार.

मी देवश्री. इथल्या प्रयोगशाळेत भ्रूणांचं काम पाहते. स्वतःविषयी बोलणं मला जमत नाही, म्हणून आधी औषधाविषयी बोलते. स्त्रीबीजं वाढवणारी हार्मोनची इंजेक्शनं बहुतेकींना पोटफुगी, डोकेदुखी, चिडचिड एवढाच त्रास देतात. मोजक्या जणींचे बीजकोष मात्र प्रमाणाबाहेर सुजतात, पोटात पाणी साठतं. वेळेत कळलं तर आवरता येतं. पण कळणार कसं? गिरिजाबाईंनी सव्वीस वर्षं ही इंजेक्शनं घेणाऱ्या प्रत्येकीला रोज सकाळी फोन केला. प्रश्न तीनच: वजन किती, कमर किती, लघवी किती वेळा?

तीन वर्षांपूर्वी, म्हैसूरच्या दसऱ्यात, त्यांच्या फोनच्या यादीत माझंही नाव होतं. हे इथे फार थोड्यांना ठाऊक आहे. स्त्रीबीजं काढून चार दिवस झाले होते. दोन दिवसांत माझं वजन सव्वादोन किलो वाढलं. मी ते तक्त्यात बिनचूक लिहिलं आणि फोनवर म्हणाले, "ठीक आहे." दोन नोंदींवरून निष्कर्ष काढू नये, असं माझं शिक्षण.

"ठीक म्हणजे किती?" बाईंनी विचारलं. मी विषय बदलला.

बन्नीमंटपातल्या मशालींच्या कवायतीसाठी त्या दुपारी रस्ते बंद होते. बाई तिथल्या आपल्या घरून जयलक्ष्मीपुरमला माझ्या घरापर्यंत चालत आल्या. पर्समध्ये शिंप्याचा टेप. माझी कमर मोजली.

"अय्यो, म्हैसूरपाक खाऊन एवढं पोट येतं काय गं?"

"उद्याची नोंद बघून मग..."

"सुम्मनिरु! गप्प बस! तू काय तुझ्या प्रयोगशाळेतल्या बशीतलं बीज आहेस, उद्या बघायला? चप्पल घाल."

मी चप्पल घातली. पाच दिवस रुग्णालयात काढले. डॉक्टरांनी भ्रूण गोठवले आणि मी पूर्ण बरी झाल्यावरच ते गर्भाशयात सोडले. त्याचा निष्कर्ष मागच्या रांगेत माझ्या नवऱ्याच्या, निनादच्या मांडीवर बसला आहे. नाव अन्विता. मघापासून दोनदा तिचा आवाज माइकच्या वर गेला, तो आपण ऐकलाच असेल.

उद्यापासून सकाळचे फोन मी करणार आहे. हे काम मी मागून घेतलं. बाईंनी काल टेपही दिला. त्यावरचे तीस ते चाळीसमधले आकडे पुसट झालेत, पण वाचता येतात.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर सांभाळून घ्या. फोनवर मला कुणी नुसतं "ठीक आहे" म्हणालं, तर मात्र मी चालत येईन.