लाहू नाय इथं

लाहू? लाहू नाय इथं. लाहू तलासरीला असतो — दीड वर्ष झालं त्याला. आणि तुम्ही काय पहिले नाय, सकाळपासून तिसरे. टेम्पो पाहिजे तर मला विचारायचं ना, मी चिमण, थोरला भाऊ, गाडीच्या कागदावर नाव माझं — पण येणारा जो तो दारात उभा राहून लाहू आहे का, लाहू आहे का. या, बसा भाऊ. त्या डब्यावर नको, त्यात थिनर आहे, ह्या पाटावर बसा. भाड्यासाठी आला असाल तर आधीच सांगतो, आज गाडी निघायची नाय. बघताय ना, रंगाला काढलीय.

गॅरेजला? गेलो होतो की. मसोलीला एक जण करतो डेंटिंग-पेंटिंगचं काम. त्यानं गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या नि असा आकडा सांगितला — मी म्हटलं बाबा, रंग लावायचाय, सोन्यानं मढवायची नाय. मग मोबाईलवर बघितलं. एक पोरगा घरीच बंपर रंगवतो, सात मिनिटांत, हातमोजे घालून, मागं गाणं लावून. मी म्हटलं हे तर आपणपण करू. पण त्याच्याकडे वारा नाय, धूळ नाय, आणि मुख्य म्हणजे कोंबड्या नाय. ती बघा आमची — एकच पाय लाल. दुसरा उचललेला होता म्हणून वाचला. डहाणूला दुकानात स्प्रेचा डबा मागितला, लाल दे म्हटलं, तर तो विचारतो कुठला लाल? आता लाल म्हणजे लाल! तर म्हणे नऊ आहेत. मी म्हटलं त्यातला स्वस्त दे. तो हा असा टोमॅटोसारखा निघाला. चालेल. लांबून कोण बघतो?

जवळून नका बघू म्हटलं ना. काय दिसतंय? — हां. दिसणारच. मला काय ते दिसत नाय? चार दिवस तेच घासतोय. इथं पुढं तोंडावर रेडियमची अक्षरं होती, ह्या बाजूला चिमण, त्या बाजूला लाहू. आमच्या पुतणीनं कापली होती, कवितानं, लाहूच्या मुलीनं — शाळेत होती तेव्हा. कंपासमधल्या कैचीनं कापली, ‘ला’चा काना वाकडा गेला, तो तसाच चिकटवला. आता ते रेडियम काढलं मी. गरम पाणी ओतलं, रॉकेल लावलं, नखं गेली माझी. आणि निघालं तर काय, आजूबाजूचा रंग उन्हानं विटून पार गुलाबी झालेला, आणि अक्षरांच्या खालचा रंग कोरा करकरीत! आधी नाव नुसतं चिकटवलेलं होतं, आता गाडीच्या अंगावरच उठलं. पॉलिश पेपर मारला, प्रायमर मारला — एकच डबा आणला होता, पुरवून पुरवून मारला — वरून हा लाल. तरी तो वाकडा काना वर येतोच. घासली असती नीट तर गेलं असतं, पण हात थांबतो. म्हणजे दुखतो. हात दुखतो माझा.

चिमण कुठं गेलं? ते आधीच गेलं. ती बाजूच तर ठोकली ना! म्हणून तर सगळे लाहूची गाडी, लाहूची गाडी करतात, उरलं तेवढंच नाव. आशागडच्या अलीकडे मोरी आहे, ओढ्यावरचा छोटा पूल, तिच्या कठड्याला घासत गेली, बंपर, पत्रा, माझं नाव, सगळं. मागं चिकूचे खोके भरलेले. कोणी ठोकली काय विचारता — लाहूनं ठोकली. सगळ्या पाड्याला माहीत आहे. त्यानं स्वतः सांगितलं, माझ्याकडून झालं म्हणून. वळणावर बकरी आली एकदम, आणि ऊन असं समोरून, चष्म्यावर ऊन पडलं की काय दिसतंय माणसाला? नुसतं पांढरं. ब्रेक कुठं, कठडा कुठं —

हो. माझ्याच डोळ्यांवर आहे चष्मा. लाहूला चष्मा नाय. बरोबर आहे तुमचं, लाहूला कधीच चष्मा नव्हता.

तो मागं होता, खोके धरून. खाली उतरला, पहिलं मला विचारलं लागलं का. त्याच्या हातातून रक्त येत होतं. लोक जमले, कोण चालवत होतं, कोण चालवत होतं — आणि महिनाभर आधी सगळ्यांनी मला सांगितलेलं, चिमण, नंबर वाढलाय तुझा, स्टेअरिंग सोड. माझ्या तोंडातून निघून गेलं, लाहू. एकदा निघालं ते निघालं. त्यानं माझ्याकडे बघितलं नि म्हणाला, हो, मीच. तिथं गप्प बसायचं ना मी! पण नाय, सगळ्यांसमोर वरून त्यालाच सुनावलं, आजपासून माझ्या गाडीला हात लावायचा नाय. खोटं बोललं ना भाऊ, की ते मोठ्यानं बोलावं लागतं. दुसऱ्या दिवशी तो बायकोपोरीला घेऊन गेला. मला वाटलं भांडेल, येईल परत. गाडी तेव्हापासून बरीचशी उन्हातच उभी, भाडं आलं तर दुसरा ड्रायव्हर बोलावतो. तो भांडलाच नाय.

पण तुम्ही कशाला ऐकून घेताय हे सगळं? भाड्याचं बोला, कुठं माल न्यायचाय? — हे काय? पत्रिका? मला कशाला?

कविताचं? आपल्या कविताचं लगीन? आणि तुम्ही नवऱ्या मुलाचे मामा. मग आल्या आल्या सांगायचं ना! मला बोलू दिलं सगळं! मगाशी लाहू आहे का विचारलंत — नाय? ‘लाहूचे भाऊ आहेत का’ विचारत होतात? मी पुढचं ऐकलंच नाय. थांबा, हात पुसतो, पत्रिकेला रंग लागेल. हे वरती काय लिहिलंय, अक्षर बारीक आहे — तुम्हीच वाचा. माझं नाव? सगळ्यात वर? कोणी घातलं, लाहूनं?

आणि पोरगी काय म्हणते? ह्याच गाडीत बसणार? नाव लिहिलेल्या?

शनिवारी. हां. शनिवारी.

अगं, ऐकलंस का, पाणी आण पाहुण्यांना — नको म्हणतात, जायचंय त्यांना. बरं. जा तुम्ही. लाहूला सांगा गाडी येईल. नाय, असं नका सांगू. सांगा, तूच ये आणि ने. चिमणला वळणावर दिसत नाय म्हणावं, तेव्हापण दिसत नव्हतं. सगळ्यांसमोर सांगितलंत तरी चालेल.

आणि तुमच्या मोटरसायकलला किक मारायची तर तिकडे रस्त्यावर जाऊन मारा. इथं धूळ उडते, रंग ओला आहे.