चाफा फुलला की

वन्सं : जुळी झाली त्या वर्षी लावलाय हा चाफा, वहिनी. आदल्या वर्षी नव्हे. तू दवाखान्यात लेकीच्या उशाशी बसली होतीस आणि इकडे दादा आणि मी खड्डा खणत होतो. दादानं फावडं स्वतःच्याच अंगठ्यावर मारून घेतलं, विसरलीस?

वहिनी : अंगठा कशी विसरेन. पलंगपोस रक्तानं माखला होता, मीच धुतला. म्हणजे झाडाला अठरा झाली म्हणायची.

वन्सं : जुळ्यांना अठरा, झाडाला अठरा.

वहिनी : त्या दोघांना मिशा फुटल्या आणि याला एक कळी फुटेना.

वन्सं : म्हातारा झाला असेल.

वहिनी : अठराव्या वर्षी? मग तुम्ही-आम्ही कोण?

वन्सं : आपण डेपोतल्या जुन्या गाड्या. सकाळी कुरकुर करतो, पण एकदा सुरू झालो की शेवटच्या थांब्यापर्यंत जातो. बूट घाल, ऊन चढेल.

वहिनी : टोकं बघू द्या आधी. पानं तर छान आलीत, वन्सं. हिरवीगार, इस्त्री केल्यासारखी. दरवर्षी या दिवसांत खाली सडा असतो, पाय ठेवायला जागा नसते. काल लेकीनं फोनवर पुन्हा विचारलं, आई, फुलला का?

वन्सं : तिला दुसरा उद्योग नाही का काही?

वहिनी : खोली रंगवून ठेवलीय हो तिनं माझ्यासाठी. मीच शब्द दिलाय, यंदाचा चाफा फुलला की डोळे भरून बघते आणि येते, कायमची. आता हा फुलतच नाही, त्याला मी काय करू?

वन्सं : तू काय करणार? झाडाची मर्जी. चल.

वहिनी : मी गेल्यावर फाटकाची कडी नीट लावत जा. तुम्ही नुसती टेकवता.

वन्सं : तीस वर्षं कंडक्टर म्हणून बसचं दार लावून घंटीची दोरी ओढली, फाटकाची कडी लावायला येत नाही होय मला? हं, पहिला थांबा, बदामाचं झाड. बघ, काल निम्मी लाल होती, आज सगळी. एका दिवसात.

वहिनी : हा लाल रंग मला कधी कापडात नाही दिसला. एकदा एक बाई आली होती लाँड्रीत, असलीच साडी घेऊन. धुतली आणि बादलीभर पाणी लाल. साडी गुलाबी झाली. महिनाभर भांडली माझ्याशी.

वन्सं : माझ्याशी तर रोज चाळीस जण भांडायचे. पान उचल एक, वहीत ठेव.

वहिनी : वही भरली. आता लेकीकडे नवी घेईन. तिकडे सातवा मजला आहे, खाली बाग आहे म्हणे, पण फिरायला सिमेंटचा गोल केलाय. गोल गोल फिरायचं.

वन्सं : घाण्याच्या बैलासारखं.

वहिनी : तुम्ही असं बोलू नका. पोरगी मायेनं बोलावतेय.

वन्सं : मी काय बोलले? बैलाला काय माया नसते? सांभाळ, इथं फरशी उचकटलीय. दुसरा थांबा, प्रिंटिंग प्रेसची भिंत. बोगनवेल उतरायला लागली.

वहिनी : उतरली तरी तोरा बघा. आणि हे काय, केसांत काय आलं तुमच्या?

वन्सं : सावरीचा कापूस. बोंडं फुटली वाटतं शाळेमागची. राहू दे, आधीच पांढरे आहेत, कोणाला कळणार?

वहिनी : मला कळतं. इकडे या, काढते. आठ दिवसांत सगळा रस्ता पांढरा होईल, मग बायका ओरडतील वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटला म्हणून. ओल्या हातानं निघतो तो. झटकला की आणखी पसरतो. कितीदा सांगितलं लोकांना.

वन्सं : पुढचा थांबा नको घेऊया आज. इथून डावीकडे वळू.

वहिनी : का? रोज सरळ जातो.

वन्सं : कुत्रं आहे तिकडे.

वहिनी : ते कुत्रं तुम्हाला बघून शेपूट हलवतं. चला सरळ. हं. बघा.

वन्सं : बघतेय.

वहिनी : दातवाल्या डॉक्टरांचा चाफा. आपल्याच झाडाची फांदी नेली होती ना यांनी? पोरगं आहे ते आपल्या झाडाचं. आणि बघा कसा लगडलाय. पाकळी बघा, खळ घातलेल्या कॉलरसारखी. हा पंधरा दिवसांपूर्वी फुलला. मग आईनं काय घोडं मारलंय?

वन्सं : डॉक्टर खत घालत असतील. लोकांचे काढलेले दात पुरत असतील बुंध्याशी.

वहिनी : हसवू नका. मी टोक आणलंय आपल्या झाडाचं, कागदात गुंडाळून. रोपवाटिकेत दाखवू. ते दरवर्षी छाटणी करून जातात, त्यांना कळेल.

वन्सं : आज बंद असेल.

वहिनी : उघडी आहे. पाइपाचा आवाज येतोय.

वन्सं : माझा गुडघा धरलाय.

वहिनी : तिथं स्टूल आहे, बसा. अहो, आहात का? हे बघा जरा. कीड आहे का काही? यंदा आमचा चाफा फुलला नाही.

रोपवाला : या काकू, या आत्या. पाणी बंद करतो, थांबा. द्या बघू. हे टोक कधी मोडलंत?

वहिनी : आज सकाळी.

रोपवाला : कीड नाही काकू. झाड तब्येतीत आहे. इथं बघा, कळ्यांचा दांडा आला होता. हा मधला काळा ठिपका दिसतो ना? तिथून खुडलाय. नखानं.

वहिनी : खुडलाय?

वन्सं : पाखरं असतील.

रोपवाला : पाखरू टोचतं आत्या, असं सरळ नाही कापत. आणि सगळ्या टोकांना असंच असेल तर पाखरू मोठं शिस्तीचं म्हणायचं. कोवळा असतानाच काढलाय. पुन्हा दांडा येईलसं यंदा वाटत नाही, पण त्याच जागी दोन-दोन फांद्या फुटतील. पुढच्या वर्षी दुप्पट फुलेल. ज्यानं केलं त्यानं नकळत झाडाचं भलंच केलं.

वन्सं : बघ. भलंच केलं.

वहिनी : बरं. येते मी. ती कुंडी बाजूला ठेवा माझ्यासाठी, पिवळ्या शेवंतीची.

रोपवाला : तुम्ही तर लेकीकडे निघालात ना, काकू?

वहिनी : ठेवा तरी.

वन्सं : हळू चाल की. गुडघा म्हटलं ना मी.

वहिनी : गुडघा धरलाय आणि स्टुलावर चढता?

वन्सं : कुठल्या स्टुलावर?

वहिनी : मोरीतल्या. एक पाय आखूड आहे त्याचा, मी सुद्धा त्याच्यावर बसत नाही. त्याच्यावर चढून हात वर करून कळ्या खुडायच्या, बहात्तराव्या वर्षी. पडला असतात म्हणजे? कोणी उचललं असतं?

वन्सं : तुला कसं कळलं?

वहिनी : तुमच्या आकाशी ब्लाउजची बाही. चाफ्याचा चीक आधी दिसत नाही, वाळला की तपकिरी होतो. वन्सं, मी तीस वर्षं लोकांचे डाग बघितले. कोण कुठं जेवून आलं, कोणाचं पेन गळलं, कोण कोणाच्या खांद्यावर रडलं, सगळं मला कपड्यावरून कळायचं. आणि तुम्ही, ज्यांनी जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, त्या सकाळी उठून ब्लाउज घासत बसलात.

वन्सं : निघतच नव्हता.

वहिनी : कसा निघेल? गरम पाणी ओतलंत. पक्का झाला. आधी टर्पेंटाइन लावायचं, मग साबण.

वन्सं : म्हणजे पंधरा दिवस तुला माहीत आहे.

वहिनी : सोळा.

वन्सं : मग त्या माणसासमोर कशाला नेलंस मला? सगळी शोभा.

वहिनी : वाटलं, तिथं तरी तोंड उघडाल. रोज वाट बघत होते, आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही आपल्या, झाडाची मर्जी.

वन्सं : काय सांगायचं होतं?

वहिनी : जाऊ नको म्हणायचं होतं. तीन शब्दसुद्धा नाहीत.

वन्सं : म्हटलं असतं तर राहिली असतीस?

वहिनी : ते मला काय माहीत? कोणी म्हटलंच नाही. खोली रंगवल्याचं कळलं तेव्हा तुम्ही म्हणालात, जा बाई, तुझी पोटची आहे. वर माझी ट्रंक पुसून ठेवलीत.

वन्सं : मग काय म्हणू? तू दादाची बायको. दादा जाऊन नऊ वर्षं झाली. माझा काय हक्क तुझ्यावर?

वहिनी : पन्नास वर्षं एका घरात राहिलो. तुमची दुपारची पाळी असली की जेवण झाकून मी बसून असायची, तुमचा भाऊ झोपलेला असायचा. आणि हक्क विचारता.

वन्सं : बाकावर बस जरा. बस म्हणते. एक सांगायचं राहिलंय.

वहिनी : आणखी काय केलंत?

वन्सं : केलं नाही, राहिलंय. सगळी टोकं खुडली, पण घरामागच्या गोदामाच्या पत्र्याकडची एक फांदी राहिली. तिथं स्टूल ठेवलं तरी हात पोचत नाही. तिला कळ्या धरल्या होत्या. परवा फुलली. मागच्या बाजूनं गेलीस की दिसेल. तू शब्दाची पक्की, म्हणून दोन दिवस तुला तिकडे फिरकू दिलं नाही. काल काठी घेऊन गेले होते तिला झोडपायला.

वहिनी : मग?

वन्सं : नाही झोडपवली. वास येत होता. दादानं अंगठा फोडून लावलेलं झाड ते.

वहिनी : म्हणून काल कपडे पुढच्या दोरीवर वाळत घातलेत होय.

वन्सं : हं. सांगितलं आता. फुललाय. बॅग मी भरून देते. जा.

वहिनी : फोन द्या इकडे.

वन्सं : कोणाला करतेस?

वहिनी : तुम्ही गप्प बसा. हॅलो, हं, मी. नाही गं, फिरायला आलोय, बाकावर बसलोय. आहे ना बाजूला, तुझी आत्या. ऐक. चाफ्याचं म्हणतेस, तर एक फांदी आलीय. एक. बाकी काही नाही. नाही, एका फांदीला झाड फुललं म्हणत नाहीत. कोणी म्हणतं का? शब्द दिलाय ना, तो आहेच. पूर्ण फुलू दे. रोपवाला म्हणतो पुढच्या वर्षी दुप्पट. नाही गं बाई, रडत नाही, सावरीचा कापूस गेलाय डोळ्यांत. त्या खोलीत जुळ्यांपैकी एकाला झोपव तोवर. ठेवते.

वन्सं : तू चक्क वकिली केलीस.

वहिनी : शब्द मी दिला होता, त्याचा अर्थ मीच सांगणार. चला उठा, तो गुडघा खरंच धरलाय की सोंग होतं?

वन्सं : सोंग होतं. आता धरलाय.

वहिनी : हात धरा. आणि ते मोरीतलं स्टूल आज मोडायचं. बंबात घालते मी.

वन्सं : पुढच्या वर्षी दुप्पट फुलला म्हणजे गं?

वहिनी : पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. हे बघा, शिरीषाच्या शेंगा वाजायला लागल्या. कालपर्यंत मुक्या होत्या.

(तिसऱ्या वर्षी, थंडी सुरू झाल्यावर. रोपवाटिकेत.)

रोपवाला : काकू, किती दिवसांनी. बसा, इथं उन्हात बसा. चाफा काय म्हणतो?

वहिनी : दोन्ही उन्हाळे भरभरून फुलला. तुम्ही म्हणालात तसंच, दुप्पट. माणसं फाटकाशी थांबून बघायची.

रोपवाला : आणि तरी तुम्ही इथंच? लेक काही म्हणाली नाही?

वहिनी : आली होती ना पहिल्याच उन्हाळ्यात, मला न्यायला. चाफ्याखाली खुर्ची टाकून बसली. डोक्यावर फुलं, मांडीवर फुलं. वर बघितलं, आत्याकडे बघितलं आणि म्हणाली, आई, अजून कळ्याच दिसताहेत. चार दिवस राहिली आणि गेली एकटीच.

रोपवाला : मायलेकी सारख्याच की.

वहिनी : मी आता एका कामासाठी आलेय. शनिवारी मी जातेय लेकीकडे. घराची किल्ली तुमच्याकडे ठेवते. आठवड्यातून एकदा पाणी घाला आणि फेब्रुवारीत छाटणी करा, दरवर्षी करता तशी. पत्र्याकडची फांदी मात्र राहू द्या.

रोपवाला : ठेवा किल्ली, काळजी करू नका. पण आत्या कुठं आहेत? फाटकाबाहेर थांबल्यात का? एरवी त्यांचा आवाज आधी येतो.

वहिनी : वन्सं गेल्या. ऑक्टोबरच्या सात तारखेला, मंगळवारी, सकाळी आम्ही फिरून आल्यावर.