खंडेनवमीचा धूर

अरे, आमच्या वरळीच्या लॅबमध्ये बंद खोलीत बंदूक झाडतात आणि तिचा धूर मशीनने मोजतात, माहितीये ना? खंडेनवमीला नेमके दिल्लीचे साहेब पाहणीला आले. अजून एकही गोळी झाडली नव्हती, म्हणजे आकडा शून्य हवा. पण मशीन कोकलायलाच लागलं! मी धावत जाऊन दार उघडलं, तर बंदुकीला झेंडूचा हार, मशीनला झेंडूचा हार आणि मधे धुपाचा हा लोट!

मागे वळलो, तर आमचे फिटर परबकाका साहेबांच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवत होते.

"काका, अहो इथे धूर मोजतात!"

"ठाऊक आहे रे. वर्षभर बिचारं बंदुकीचा धूर खातं. सणाला तरी त्याला चांगला नको?"