काच बंद ठेवा

...आणि वर मलाच विचारतात, ‘तू मागं बसली होतीस, तुला काहीच दिसलं नाही?’ आता तुम्हीच सांगा, लग्नाला चार महिने झालेले, हातातला हिरवा चुडा अजून वाजतोय, पुढं नवरा आणि सासरे, शेजारी सासूबाई, अशा गाडीत बसून सुनेनं काय काय बघायचं असतं? आणि बघितलं तरी... जाऊ दे. आपण नवीन. आपण काय बोलणार.

पण तुम्हाला सांगते, ती गाडी... गाडी आपण म्हणायचं, आमच्या घरात तिला नुसतं ‘ती’ म्हणतात. ‘ती उन्हात आहे का?’ ‘तिच्यावर कावळा बसला बघ.’ लग्न ठरलं तेव्हा फोनवर हे सारखं ‘आज तिला घेऊन चिंचोळीला गेलो होतो’ म्हणायचे, चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहेत, तर मी दोन रात्री झोपले नाही, की ही बाई कोण? बाई नव्हती, काळीभोर गाडी होती, आणि काळा रंग म्हणजे काय विचारता, त्याच्यावर कुणाची नजर घासली तरी चरा दिसतो. आमचे दिग्विजय तिला पुसताना आधी अंगठी काढतात, मग घड्याळ काढतात, मग अप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं, जुनं मऊ धोतर घेऊन असं हळुवार पुसतात की मी खिडकीतून बघते आणि विचार करते... काय विचार करते ते राहू दे. लग्नाच्या दिवशी मंगळवेढ्याहून निघताना गाडीत बसले तर यांनी हळूच माझा हात धरला. मला वाटलं, झाला संसार सुरू. तर कानाशी येऊन म्हणतात कसे, ‘बांगड्या आत घे, दाराला घासतील.’

त्याच प्रवासात बेगमपूरचा पूल आला, खाली भीमा, तर सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, बोलता बोलता काच खाली केली, बटव्यातलं नाणं पाण्यात टाकलं, हात कपाळाला लावला आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं. आत्या करमाळ्याच्या. वाटेत पाणी लागलं की नाणं टाकायचं, मग ती नदी असो, कालवा असो, पावसाळ्यातला ओढा असो. झोपेत असल्या तरी हात बरोबर बटव्यात जातो. हे आपलं जाता जाता सांगितलं.

तर गाडी धुवायची कशी? सोलापुरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि आलेल्या पाण्यावर आत्यांचा पहारा. मला केस धुवायचे तरी आधी त्यांच्या तोंडाकडे बघावं लागतं. हे बादली घेऊन निघाले की आत्या पिंपाला पाठ लावून उभ्या, ‘रोज रोज कशाला आंघोळ घालतूस तिला? बघायला पावणं येणार हायती व्हय?’

अशात विजापूर रोडला ते नवीन मशीन आलं. गाडी आत घालायची, पट्टा ओढून नेतो, फेस, पाणी, गोल गोल फिरणारे ब्रश, पलीकडून धुतलेली गाडी बाहेर. आता यात काय एवढं? पण आमच्या घरात आठवडाभर दुसरा विषय नाही. अप्पा म्हणाले, ‘ब्रश फिरला म्हंजे चरा पडणारच. तुझ्या आईनं भांडी घासून घासून आरसा केलाय, बघ जा त्याच्यावर किती चरे हायती.’ हे मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. अर्धे व्हिडिओ म्हणतात मशीननं रंग जातो, अर्धे म्हणतात घरच्या फडक्यातल्या धुळीनं जास्त जातो. मुलगी देताना माझ्या बाबांनी एवढी चौकशी केली नव्हती.

आणि नेमकं माझं माहेरचं बोलावणं आलं. सगळ्यांना जेवायला या म्हणून. तुम्हाला म्हणून सांगते, मला या गाडीतनंच जायचं होतं. गल्लीत माझी काकू आहे, तिनं चारचौघींत विचारलं होतं, ‘काय गं, गाडी आहे का नुसतं फोटोतच?’ बाबांनी तर गाडी लावायला जागा हवी म्हणून दारातल्या कडब्याच्या पेंढ्या परड्यात हलवल्या. आणि हे म्हणतात, ‘असल्या धुळीत तिला सासुरवाडीला नेऊ? चकाचक झाली तरच नेणार.’ म्हणजे माझं माहेर आता त्या ब्रशवर. पण आपण नवीन. आपण काय बोलणार.

शेवटी ठरलं. डिकीत पिशव्या, शेंगाचटणीचे डबे, आणि मशीनमधून निघालो की थेट मंगळवेढा. तिथला मालक तौहीद, यांच्याच वयाचा. यांनी त्याची तोंडी परीक्षा घेतली. ब्रश कसला आहे? ‘स्पंज है भाई, मऊ.’ आधीच्या गाडीची माती अडकली असेल तर? ‘म्हणून तर आधी प्रेशरनं माती उडवतो, ब्रशला पण धुतो. माती राहिली तर चरा, माती गेली तर काय होत नाही.’ आणि त्यानं स्वतःचा गाल त्या ब्रशला लावून दाखवला. ‘फक्त काच बंद ठेवा. बाकी मशीन देख लेगी.’

आता नवऱ्यानं आत बसावं हे कळतं. अप्पा बसले लेकावर लक्ष ठेवायला. आत्या म्हणाल्या, ‘मशीनच्या पोटात लेकराला एकटं सोडू व्हय?’ आणि मी बसले, कारण मला उतर असं कुणी म्हणालंच नाही.

पट्टा हलला. आधी पाणी, मग फेस. काचा पांढऱ्या झाल्या, आत अंधार, डोक्यावर धो धो, दोन्ही बाजूंनी पाणी. यांनी स्टिअरिंग गच्च धरलेलं, खरं तर गाडी पट्टाच ओढत होता, पण हे जोर लावत होते. अप्पा डोळे मिटून ‘सिद्धेश्वरा, सिद्धेश्वरा’. आणि माझ्या शेजारी... मी बघतेय, की आत्यांचा हात बटव्यात गेला. मला वाटलं सुपारी काढतायत. तर दुसरा हात बटणावर, काच दोन बोटं खाली, नाणं बाहेर, हात कपाळाला. अशा श्रद्धेनं की काय सांगू. मी तोंड उघडलं, तर तोंडात फेस.

आणि तो ब्रश आला की हो फिरत. नाणं त्याच्या मऊ मऊ स्पंजात सापडलं असणार, कारण मागच्या दारापासून दिव्यापर्यंत आवाज आला. सर्रर्रर्र. तव्यावर उलथनं ओढल्यासारखा.

‘काच कुणी उघडली?’ हे ओरडले.

आत्या पदरानं फेस पुसत शांतपणे म्हणाल्या, ‘आपोआप उघडली. ऑटोमॅटिक हाय न्हवं समदं.’

बाहेर आलो. गाडी काय चमकत होती म्हणता, तोंड बघून घ्यावं. आणि त्या चकाकीत मागच्या दारावरून एक लांब पांढरी रेघ. हे तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि बोटानं रेघ चाचपत राहिले. अप्पा म्हणाले, ‘मी सांगितलं होतं. भांड्यांचं.’ तौहीद धावत आला, वाकून बघितलं, म्हणाला, ‘ब्रशचा चरा असा एकच सरळ नसतो भाई, काहीतरी कडक घासलंय.’ मग आत गेला आणि पाणी जायच्या जाळीवरून दहाचं नाणं घेऊन आला. ‘हे कुणाचं?’

आता बघा. यांनी खिसे चाचपले. अप्पांनी खिसे चाचपले. आणि आत्या पटकन म्हणाल्या, ‘राहू दे बाबा, पाण्यात टाकल्यालं परत घ्यायचं नसतं.’

कुणाच्या लक्षात आलं? कुणाच्याच नाही. फक्त तौहीदनं माझ्याकडे बघितलं. ‘वहिनी, तुम्ही मागं होता. तुम्हीच सांगा.’

चार महिन्यांत मला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी विचारत होतं. आणि नेमकं तेव्हाच आत्यांचा हात माझ्या दंडावर आला. धरला नाही हं, नुसता ठेवला.

‘माझे डोळे मिटलेले होते,’ मी म्हणाले.

यांनी उभ्या उभ्या मोबाईलवर त्या मशीनला एक तारा दिला, वर लिहिलं, लाडकी गाडी असेल तर येऊ नका. मी जरा बाजूला होऊन माझ्या फोनवरून पाच दिले. आपण नवीन, पण फोन माहेरचा आहे.

‘असली रेघ घेऊन सासुरवाडीला जाऊ? सगळं मंगळवेढं बोट लावून बघंल.’ यांचं म्हणणं. हे आणि अप्पा गाडी घेऊन रंगवाल्याकडं, आणि मला, आत्यांना, पिशव्यांना आणि चटणीच्या डब्यांना एसटी स्टँडवर सोडलं. बाबांचा फोन, ‘गाडी निघाली का गं?’ ‘निघाली,’ म्हटलं. कुठली ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

एसटीत आत्यांनी पिशव्या पायाशी नीट लावून घेतल्या. मग एकदम म्हणाल्या, ‘घरी गेल्यावर केस धू हो तू. दोन बादल्या घे.’ आता मी काय समजायचं ते समजले. मग बेगमपूरचा पूल आला. त्यांनी बटवा उघडला, नाणं काढलं आणि या खेपेला स्वतः टाकलं नाही, माझ्या हातात दिलं. ‘घे. तू टाक. खिडकी तुझ्याकडं हाय.’

तुम्हाला सांगते, मला भरूनच आलं. घरात आल्यापासून पहिल्यांदा घरची झाले. नाणं मुठीत धरलं, खिडकीला हात लावला. ढकलली. दोन्ही हातांनी ढकलली. चुडा वाजला, मागचे काका उठून आले, त्यांनी ढकलली, कंडक्टरनं बुक्की मारली. खाली भीमा आली, आणि गेली. आत्या तेवढा वेळ डोळे मिटून, हात कपाळाला लावून.

जिथं बंद ठेवा म्हणतात तिथं बोट लावलं की उघडते, आणि जिथं उघडायची तिथं गंजलेली. नाणं अजून माझ्याकडंच आहे. आत्या विचारतात, टाकलंस न्हवं?

मी म्हणते, व्हय.