बारागानच्या नावाचा शर्ट

नाव : एव्हारिस्तो मोन्साल्वे. वय : ६१. धंदा : वैमानिक, मोरिचे हवाई वाहतूक कंपनी. राहणार : ला एस्पेरान्सा, विय्याव्हिसेन्सियो, कोलंबिया.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की, आज सकाळी मितूहून आलेल्या आमच्या विमानात सहवैमानिकाच्या खुर्चीत परवाना असलेला वैमानिक नव्हता, असे विमानतळावरील निरीक्षकांनी दुपारी एक वाजता लेखी कळवले आहे. ते खरे आहे. तिथे सेफेरिनो ग्वारिन, वय ५८, हे आमचे मेकॅनिक बसले होते. आमच्या जुन्या विमानांत मेकॅनिक नेहमीच बरोबर असतो, पण मागे, मालाजवळ.

आमचा सहवैमानिक येफेर्सन बारागान, वय २४, बुधवारी नोकरी सोडून बोगोताच्या मोठ्या कंपनीत गेला. आमच्याकडे त्याला महिन्याला पंचवीस लाख पेसो मिळत. तिथे नव्वद लाख मिळतील. दोन वर्षांत गेलेला हा पाचवा. मोठ्या कंपन्यांना लागणारे उड्डाणाचे तास मुले इथे भरतात आणि जातात. मी त्याला शिफारसपत्र दिले होते.

मितू जंगलात आहे, तिथे रस्ता नाही. तीन दिवस विमान गेले नव्हते. आज पहाटे व्यवस्थापक डोन्या नुबिया म्हणाल्या, "कप्तान, माणूस कुठून आणू? खुर्ची रिकामी दिसायला नको, एवढं बघा." बारागानचा नावपट्टी असलेला गणवेशाचा शर्ट खिळ्यावर होता. मी सेफेरिनोंना तो घालायला सांगितले. ते म्हणाले, "पोटावर बसत नाही हो." मी म्हटले, "बसून राहायचंय, नाचायचं नाही." खालची दोन बटणे लागली नाहीत.

उड्डाणाच्या कागदावर सहवैमानिकाची सही लागते. ती सेफेरिनोंनी बारागानच्या नावाने केली. माझ्या हुकुमावरून केली.

जाताना तांदूळ, छपराचे पत्रे आणि सहा प्रवासी होते, येताना मासे आणि एक बाळंतीण. दोन्ही वेळा विमान मीच उतरवले. परतल्यावर निरीक्षकांनी कागदावरचे वय आणि शर्टावरचे नाव वाचून विचारले, "काय बारागान, चोविसाव्या वर्षीच केस पिकले?" सेफेरिनो म्हणाले, "साहेब, या कंपनीच्या पगारावर पिकतात." निरीक्षक हसले. मग त्यांनी परवाना मागितला.

खोट्या सहीबद्दल सेफेरिनोंचा मेकॅनिकचा परवाना जाऊ शकतो आणि तुरुंगही होऊ शकतो, असे मला सांगण्यात आले. त्यांना दुसरे काम येत नाही. मला चार महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते.

जबाब मला वाचून दाखवला. "माझ्या सांगण्यावरून" असे लिहिले होते, तिथे "माझ्या हुकुमावरून" अशी दुरुस्ती करून घेतली. बाकी मी सांगितले तसेच आहे.

माझा परवाना ठाण्यात जमा आहे. सोमवारी विमान खात्याचे अधिकारी येतील. तोवर मितूची फेरी बंद राहील. माझ्यानंतर बाहेर बाकावर बसलेल्या सेफेरिनोंचा जबाब होईल. शर्ट आपण होऊन घातला, असे ते सांगतील. ते खरे धरू नये.

(सही) ए. मोन्साल्वे