शिवबाईंच्या नाण्यावरचे नाव

सन्माननीय अध्यक्षमहाराज, पुण्याहून मुद्दाम आलेले पाहुणे, शुक्रवार पेठेतील आमच्या वाचनालयाचे सभासद आणि मागच्या बाजूस बसलेल्या मायबहिणींनो,

विरुपाक्षमास्तर आमच्या नाणेसंग्रहाची बावीस वर्षांची राखण संपवून दुधनीस आपल्या घरी निघाले आहेत. चिटणीस या नात्याने त्यांच्या गौरवाचे दोन शब्द बोलणे माझ्याकडे आले. दुसऱ्या कोणी बोलले असते तर बरे झाले असते, पण पत्रिका छापून गेली होती.

मास्तरांची शिस्त आपण जाणताच. नाणे धरायचे ते कडेने, दोन बोटांत. खाली मऊ गादी हवी, म्हणजे निसटले तरी मार बसत नाही. प्रत्येकाला साध्या कागदाची वेगळी पुडी, आणि पेटीत ओल राहू नये म्हणून कळीच्या चुन्याची वाटी. आमच्या अध्यक्षांनी (क्षमा असावी, महाराज) एकदा पानाच्या बोटांनी होन उचलला, तेव्हा मास्तरांनी तो त्यांच्या हातून काढून घेतला. महाराज चार दिवस बोलले नाहीत. आम्ही तेव्हा फार हसलो होतो.

या संग्रहात एक रुप्याचे नाणे आहे. शिवबाई, त्या पलीकडे खांबाशी बसल्या आहेत, त्यांना ते मेंढरे बसवलेल्या रानात सापडले. नव्या पेठेतला सोनार आटवायला मागत होता, त्यांनी दिले नाही. मास्तरांपुढे ठेवून म्हणाल्या, "ह्याच्यावर कुनाचं तरी नाव हाय. तेवडं वाचून सांगा, मग ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

नाणे काळवंडलेले, अक्षरे झिजलेली. मास्तरांनी बाकीचा मजकूर लावला, पण राजाचे नाव काही लागेना. असे नाणे कोणत्या यादीतही मिळेना. लाखेवर ठसा घ्यावा, तर दाबाने उरलेली अक्षरेही जातील, म्हणून तोही घेतला नाही. पुण्याच्या या जाणकारांना त्यांनी तीन वर्षे पत्रे लिहिली, तेव्हा कुठे ते आज आले.

गेल्या लक्ष्मीपूजनाला मास्तर गावी गेले आणि किल्ली माझ्याकडे राहिली. त्या दिवशी आपल्या घरोघरी रुपये चिंचेने आणि राखेने उजळून पाटावर मांडतात की नाही? काळी लक्ष्मी पाटावर कशी ठेवायची? मी स्वतः बसलो, बाह्या सरसावल्या आणि एकेक नाणे घासले. अहो, प्रेमाने घासले! जे काळे निघत होते त्याला मी मळ समजत होतो. राखेबरोबर अक्षरेही जात होती.

मास्तर परतले, त्यांनी पुड्या सोडल्या. पुड्या पुन्हा बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. पत्रिकेत आम्ही 'वयोमानामुळे निवृत्ती' असे छापले आहे. ते खोटे आहे.

आज सकाळी पाहुण्यांनी नाणे पाहिले, खाली ठेवले आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली. तेवढ्यात शिवबाई आल्या. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. नाणे बघून म्हणाल्या, "लई उजाळलं की! आता वाचा, मास्तर."

मास्तरांनी भिंग लावले. त्या गुळगुळीत रुप्याकडे ते किती वेळ बघत राहिले! शेवटी म्हणाले, "सभा झाली की सांगतो."

आपण सर्व आलात, पाहुण्यांनी एवढा प्रवास केला, याबद्दल वाचनालयातर्फे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल तर ते पोटात घालावे. हाताने जे झाले त्याची क्षमा मागायला मला तोंड नाही.

शिवबाई, मास्तरांना आता विचारू नका. ते नाव कोणालाच कळणार नाही. मी पुसले ते.